गर्दीतल्या प्रत्येकाला चेहरा देणारा मारिओ

मारिओ मिरांडांचं बाजाराचं एखादं चित्र समोर घ्या. पोस्टकार्डाच्या मधोमध रुपयाएवढं भोक पाडा आणि ते कार्ड चित्रावरून हळूहळू सरकवत न्या. भोकातून एका वेळी एखाद-दुसराच माणूस दिसेल. कुठे एक बाई माशाचे कल्ले उघडून बघत असेल, तिच्यामागे उभ्या नवऱ्याचं लक्ष भलतीकडेच असेल. थोडं पुढे छत्री काखेत मारून चाललेला पाद्री. त्याच्या पायाशी कुत्रा आणि कुत्र्याचा डोळा कुणाच्या तरी पाटीवर. वर कौलांवर कावळा, त्याचाही डोळा त्याच पाटीवर. असं करत करत कागद संपतो, पण नुसती जागा भरायला काढलेला माणूस एकही सापडत नाही. मालवणच्या किनाऱ्यावरच्या एका हायस्कुलात मी चित्रकला शिकवत होतो, तेव्हा हे भोकाचं पोस्टकार्ड कायम माझ्या टेबलाच्या खणात असायचं. मुलांना चित्र बघायला शिकवण्याचा याहून सोपा उपाय मला मिळाला नाही.

२ मे २०२६ ही मारिओंच्या जन्माची शताब्दी. गोव्यात त्यांचं नाव ठाऊक नसलेला माणूस विरळा. पणजीच्या नव्या मार्केटाच्या भिंतींवर त्यांची चित्रं आहेत, मुंबईत कुलाब्याच्या कॅफे मोंडेगारच्या भिंती त्यांच्या माणसांनी भरल्या आहेत, आणि कप, फरशा, टी-शर्ट यांवर बसून ती माणसं पर्यटकांबरोबर देशोदेशी गेली आहेत. आम्हां सिंधुदुर्गवाल्यांना तर मारिओंचं घर बांद्यापलीकडे दोन-अडीच तासांच्या वाटेवर. तरीही आपल्याकडे त्यांची ओळख ‘गोव्याची ती गमतीची चित्रं काढणारा’ एवढ्यावरच थांबते. त्या गमतीमागे किती बघणं आहे, किती वर्षांची शिस्त आहे, ते सांगण्यासाठी हा लेख.

त्यांचं पूर्ण नाव मारिओ जुआंव कार्लुस दु रोझारिओ दि ब्रितो मिरांडा. जन्म दमणचा, पण घर साष्टी तालुक्यातल्या लोटली गावचं. मिरांडांचं हे घर सुमारे तीनशे वर्षांचं. मूळचं सारस्वत घराणं, अठराव्या शतकात ख्रिस्ती झालेलं. मोठं अंगण, घरातच प्रार्थनेची जागा, उंच कौलारू छप्पर. म्हणजे मारिओ भाटकारांच्या, जमीनदारांच्या घरचे. हे लक्षात ठेवायला हवं, कारण त्यांच्या चित्रांत भाटकार वारंवार येतो, आणि तो येतो तो पोट सुटलेला, आरामखुर्चीत पसरलेला, घामानं भिजलेला असा. आपल्याच घराकडे बघून हसण्याची त्यांची ही सवय लहानपणापासूनची.

लहानपणी ते घराच्या भिंतींवर चित्रं काढायचे. पांढऱ्या भिंती कोळशानं काळ्या करणाऱ्या मुलाच्या पाठीत धपाटा बसायचा, हे आपल्याकडचं नेहमीचं. मारिओंच्या आईनं मात्र त्यांना एक कोरी वही आणून दिली. त्या वहीला मारिओ ‘डायरी’ म्हणू लागले. माझ्या मते भारतीय हास्यचित्रांच्या इतिहासातली ही फार मोठी घटना आहे. भिंत पुसली जाते, वही राहते. भिंतीवर कधीचं चित्र कुठलं ते कळत नाही, वहीत एकामागून एक दिवस येतात. त्या मुलाला रोज काहीतरी बघायचं आणि रात्री ते कागदावर उतरवायचं वळण लागलं. शाळेत पाद्रींची चित्रं काढल्याबद्दल त्यांनी बोलणी खाल्ली. मित्रांना पोस्टकार्डांवर चित्रं काढून द्यायचे आणि त्याचे थोडे पैसेही घ्यायचे.

शिक्षण बंगळूरच्या सेंट जोसेफ्समध्ये आणि मग मुंबईच्या सेंट झेवियर्समध्ये झालं. विषय इतिहास, डोळ्यांपुढे सरकारी सेवेची परीक्षा. घरच्यांच्या इच्छेखातर थोडे दिवस वास्तुकलेचा अभ्यास केला, त्यात जीव रमला नाही. चित्रकलेच्या शाळेत ते गेलेच नाहीत. मी जन्मभर चित्रकला शिकवून पोट भरलं, तरी हे मुद्दाम सांगतो. शाळेची गरजच नसते असा याचा अर्थ नव्हे. त्यांची शाळा म्हणजे ती डायरी होती.

या डायऱ्यांपैकी १९४९, १९५० आणि १९५१ या वर्षांच्या डायऱ्या गोव्यातले वास्तुविशारद जेरार्ड द कुन्हा यांनी पुस्तकरूपानं छापल्या आहेत. माझ्या दृष्टीनं मारिओंचं सगळ्यांत मोठं काम तेच. तेव्हा ते तेवीस ते पंचवीस वर्षांचे. नाव झालेलं नाही, नोकरीचा ठिकाणा नाही, पुढे काय करायचं ते ठरलेलं नाही. असा तरुण मुलगा लोटली गावातली लग्नं, फेस्त, मयत, पत्त्यांचे डाव, पाव्हण्यारावळ्यांच्या भेटी हे सगळं काढतो. तारीख घालतो, चार ओळी लिहितो. ही चित्रं छापायची असं मनात नव्हतं, त्यामुळे कुणाला खूश करायचं नव्हतं, कुणाला बोचकारायचंही नव्हतं. गावातली खरी माणसं त्यांच्या खऱ्या सवयींसकट तिथं बसली आहेत. कोण कसा बसतो, कुणाची टोपी किती तिरकी, कोण कुणाच्या कानाला लागतो. पुढे साठ वर्षं मारिओंनी जी हजारो माणसं काढली, त्यांचं बियाणं या वह्यांत आहे.

आमच्या क्षेत्रात एक विषय असतो, स्मरणचित्र. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या ग्रेड परीक्षांना बसलेल्या प्रत्येकाला तो आठवत असेल. समोर वस्तू नसते. बाजार, बसस्टँड, सण असा एखादा विषय देतात आणि आठवणीतून चित्र काढायचं असतं. बहुतेक मुलं या पेपरला घाबरतात. मग शिकवणीत घोटलेली माणसं येतात. एक पाठमोरा, एक बसलेला, एक डोक्यावर टोपली घेतलेली बाई. ही तीन माणसं पाठ असली की बाजारही निभतो आणि बसस्टँडही. किनाऱ्यावरच्या गावात मी वर्षानुवर्षं बघितलं, मुलं सूर्य काढतात तो दोन डोंगरांच्या मधोमध उगवणारा. ज्या मुलाच्या घराच्या मागच्या दारातून सूर्य समुद्रात बुडताना रोज दिसतो, तोही डोंगरच काढतो. कारण चित्र म्हणजे असंच, हे त्याला कुणीतरी आधीच सांगून ठेवलेलं असतं.

मारिओंचं सगळं काम हे स्मरणचित्र आहे आणि त्यात पाठ केलेला माणूस नाही. एकदा आमच्या वर्गात रापणीचं, म्हणजे किनाऱ्यावर मासळीचं जाळं ओढण्याचं, चित्र काढायला सांगितलं होतं. सगळ्यांनी दोरीला रांगेत माणसं लावली, सारख्या उंचीची, सारखी वाकलेली. एका मुलाच्या रांगेत मात्र एकच माणूस वेगळा वाकडा उभा. मी बोट ठेवलं. मुलगा म्हणाला, “सर, ह्यो माझो काका. तेची पाठ दुखता म्हणान तो असोच उभो रवता.” त्या दिवशी मी वर्गात मारिओंचं पुस्तक उघडून सगळ्यांना दाखवलं आणि म्हटलं, या मुलानं आज केलं तेच मारिओंनी आयुष्यभर केलं.

आता थोडं हाताच्या कामाविषयी. मारिओ मुख्यतः शाईनं काम करायचे. रेषा बारीक, एकसारख्या जाडीची, न थरथरणारी. चेहरे बहुतेक पांढरे सोडलेले, त्यात मोठे गोल डोळे आणि ठसठशीत नाक. सगळी नक्षी चेहऱ्यांच्या अवतीभोवती. बाईच्या फ्रॉकवर ठिपके, शेजारणीच्या फ्रॉकवर फुलं, नवऱ्याच्या शर्टावर चौकटी, मागच्या भिंतीवर आडव्या-उभ्या रेषांचं जाळं, छपरावर एकेक कौल वेगळं. दुरून बघितलं तर कागद गोधडीसारखा दिसतो. पण त्या नक्षीचं काम शोभेचं नाही. दोन माणसं खेटून उभी असताना एक कुठं संपतो आणि दुसरा कुठं सुरू होतो, हे काळ्या शाईत दाखवायचं तर कपड्यांची नक्षी वेगळी असावीच लागते. चेहरे पांढरे असल्यामुळे डोळा आपोआप एका तोंडावरून दुसऱ्या तोंडावर उड्या मारत जातो.

दुसरी युक्ती बघण्याच्या जागेची. गर्दीच्या चित्रांत मारिओ आपल्याला रस्त्यावर उभं करत नाहीत, कुठल्या तरी पहिल्या मजल्याच्या सज्ज्यावर नेऊन बसवतात. रस्त्यावर उभं राहिलं तर पुढच्याच्या पाठीमागे सगळं झाकलं जातं. सज्ज्यावरून मागची माणसं कागदावर वर सरकतात आणि प्रत्येकाचं डोकं दिसतं. दूरचा माणूस जवळच्यापेक्षा फार लहानही होत नाही. शास्त्राप्रमाणे हे यथार्थदर्शन चुकीचं, पण आपल्या जुन्या लघुचित्रांत हीच रीत होती, दूर असला तरी माणूस माणसाएवढाच. परीक्षेत मी याचे गुण कापले असते आणि चित्र म्हणून भिंतीवर लावलं असतं. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात, हे चित्रकलेच्या शिक्षकाला फार लवकर कळतं.

मुंबईत त्यांनी आधी काही वर्षं एका जाहिरातीच्या स्टुडिओत काम केलं. मग ‘इलस्ट्रेटेड वीकली’मध्ये चित्रं आली, ‘करंट’ साप्ताहिकानं घेतलं आणि तिथून ‘टाइम्स ऑफ इंडिया’च्या घरात प्रवेश झाला. ‘फेमिना’, ‘वीकली’, ‘इकॉनॉमिक टाइम्स’ अशा अंकांतून त्यांची माणसं घरोघर गेली. नटी मिस निंबूपानी, नट बलराज बलराम, मंत्री बंडलदास, त्याच्या जोडीचा मूनस्वामी, ऑफिसातला बॉस आणि त्याची सेक्रेटरी मिस फोन्सेका. मुंबई ही त्यांना दिसली ती गावाहून आलेल्या माणसाला दिसते तशी. आपल्या भाषेत सांगायचं तर चाकरमान्याला दिसते तशी. त्या काळी मुंबईची बोट रत्नागिरी, जैतापूर, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ला अशी बंदरं घेत पणजीला जायची. एकाच डेकवर आपले लोक आणि गोंयकार वळकट्या पसरायचे. मुंबईत उतरल्यावर गोंयकार धोबीतलावच्या कुडांत, म्हणजे आपापल्या गावच्या सामायिक खोल्यांत, जायचे आणि आपले लोक गिरगाव-लालबागच्या गावकऱ्यांच्या खोल्यांत. मारिओ काही कुडातले नव्हते, झेवियर्सचे विद्यार्थी होते. तरी बसमध्ये लोंबकळणारी, रस्त्यावर एकमेकांवर आदळणारी, खिडक्याखिडक्यांतून डोकावणारी त्यांची मुंबई बघताना गाव सोडून आलेल्या कुणालाही ती ओळखीची वाटते.

‘टाइम्स’च्या त्याच इमारतीत व्यंगचित्रकार आर. के. लक्ष्मण होते. दोघांची तुलना लोक करतात. लक्ष्मणांचा कॉमन मॅन बाजूला उभा राहून बघतो. घडणारं सगळं त्याच्यासमोर घडतं, तो त्यात नसतो. मारिओंच्या चित्रात बाजूला उभा राहणारा कुणीच नाही, सगळे त्यात आहेत. लक्ष्मणांना राज्यकर्ते कळत होते, मारिओंना शेजारी कळत होते. राजकीय व्यंगचित्र मारिओंना फारसं मानवलं नाही असं मला वाटतं. त्यांचा बंडलदास कुणालाही घायाळ करत नाही. त्यांची ताकद तिथं नव्हती.

१९५०च्या दशकाच्या अखेरीस लिस्बनच्या गुल्बेंकियन प्रतिष्ठानची शिष्यवृत्ती मिळून ते पोर्तुगालला गेले आणि तिथून लंडनला जाऊन काही वर्षं राहिले. ‘लिलिपुट’, ‘पंच’ अशा नियतकालिकांत त्यांची चित्रं छापून आली. त्यांना मोलाची भेट घडली ती रोनाल्ड सर्ल यांची. सर्ल यांची हकिगत सांगितल्याशिवाय पुढं जाता येत नाही. १९४२ साली सिंगापूर पडलं तेव्हा हा ब्रिटिश शिपाई जपान्यांच्या कैदेत गेला. सयाम-ब्रह्मदेश रेल्वेच्या कामावर त्याला राबवलं. तिथं तो चोरून चित्रं काढत राहिला आणि पटकीनं आजारी पडलेल्या कैद्यांच्या अंथरुणाखाली ती लपवत राहिला, कारण पहारेकरी तिथं हात घालायला धजत नसत. युद्धानंतर तोच माणूस इंग्लंडचा मोठा हास्यचित्रकार झाला. मारिओ त्यांना गुरू मानत. सर्लची रेषा टोकदार, तिरकस, कधी कधी क्रूर आहे. मारिओंनी तिची चपळाई घेतली आणि क्रूरपणा सोडून दिला.

सर्ल पुढं १९६१ साली फ्रान्सला गेले आणि अखेरपर्यंत तिथंच राहिले. फ्रान्स हा हास्यचित्रांचा मोठा मुलूख. तिथल्या एका चित्रकाराचं नाव आपल्या किनाऱ्यावरच्या वाचकाला मुद्दाम सांगावंसं वाटतं, आल्बेर द्युबू. जन्म १९०५ सालचा, मार्सेय बंदरातला. भूमध्य समुद्राकाठच्या पालावास नावाच्या छोट्या गावाला माँपेलिए शहरातून एक लहान रेल्वे जायची. सुट्टीच्या दिवशी ती माणसांनी खच्चून भरायची. द्युबूनं ती गाडी, तिच्या टपावर, दारांत, खिडक्यांत लटकलेली माणसं, समुद्रावर पसरलेल्या जाडजूड बाया आणि त्यांचे काडीसारखे नवरे असं अखंड काढलं. गाडी १९६८ साली बंद पडली. आज पालावासमध्ये त्याच्या चित्रांचं संग्रहालय आहे आणि लोक ती गाडी त्याच्या चित्रांतून बघतात. दुसरा फ्रेंच चित्रकार सांपे. १९५९ सालापासून रने गोसिनी यांनी लिहिलेल्या छोट्या निकोलाच्या गोष्टींना त्यानं चित्रं काढली. गोसिनी म्हणजे अ‍ॅस्टरिक्सचे लेखक. सांपेच्या चित्रात मोठ्ठं शहर आणि त्यात एक एवढंसं माणूस असतं. द्युबूचा कागद माणसांनी फुटतो, सांपेचा कागद मोकळा असतो. मारिओ गर्दीच्या बाबतीत द्युबूच्या जवळचे आणि मायेच्या बाबतीत सांपेच्या. मारिओंनी पॅरिसचीही चित्रं काढून पुस्तक केलं आहे. जर्मनीच्या हिवाळ्याचंही केलं आहे. परक्या शहरातही ते कॅफेत बसलेल्या माणसांकडेच बघत राहतात, मनोऱ्यांकडे कमी.

१९७४ साली अमेरिकेच्या माहिती खात्याच्या, म्हणजे यूएसआयएसच्या, निमंत्रणावरून ते अमेरिकेला गेले. तिथं ‘पीनट्स’वाले चार्ल्स शुल्झ त्यांना भेटले. वीसहून अधिक देशांत त्यांची प्रदर्शनं झाली. पद्मश्री १९८८ साली, पद्मभूषण २००२ साली, पद्मविभूषण मरणोत्तर २०१२ साली. स्पेन आणि पोर्तुगाल सरकारांनीही मान दिला. पुस्तकांसाठी त्यांनी खूप चित्रं काढली. मनोहर माळगावकरांचं गोव्यावरचं ‘इनसाइड गोवा’, डॉम मोराएस यांचं कर्नाटकावरचं पुस्तक, मुलांसाठी उमा आनंद यांच्या गोष्टी. श्याम बेनेगलांचा १९८५ सालचा ‘त्रिकाल’ हा चित्रपट मारिओंच्या लोटलीच्या घरातच चित्रित झाला. पोर्तुगीज राजवटीच्या अखेरीचं ते घर, मेणबत्त्यांच्या उजेडातले ते दिवाणखाने ज्यांना बघायचे असतील त्यांनी तो चित्रपट जरूर बघावा.

आता जे खटकतं तेही लिहितो. मिस फोन्सेका आणि मिस निंबूपानी यांच्याकडे बघताना मारिओंची नजर लोटलीतल्या म्हाताऱ्यांकडे बघतानाची नाही. ऑफिसातली तरुण मुलगी म्हणजे भरलेलं अंग, आखूड फ्रॉक आणि तिच्याभोवती पुरुषांचे डोळे, हा विनोद त्या काळच्या मासिकांत सर्रास चालायचा. आज मुलींच्या वर्गात ती पानं मी उघडणार नाही. त्या मुलींना बसमध्ये आणि बाजारात तेच डोळे रोज भेटतात. त्यांना त्यात हसण्यासारखं काही नाही. गंमत अशी की मारिओंच्याच गावच्या चित्रांत बायका किती वेगळ्या आहेत. कमरेवर हात ठेवून गिऱ्हाइकाला परतवून लावणारी मासेवाली, नवऱ्याला ताव्हेर्नमधून, म्हणजे दारूच्या गुत्त्यातून, ओढून नेणारी बायको, सगळ्या गावाची खबर ठेवणारी खिडकीतली आजी. या बायकांना स्वतःचं डोकं आहे, मतं आहेत. ज्या बायकांना ते ओळखत होते त्या जिवंत झाल्या, ज्या फक्त साचा म्हणून आल्या त्या शिळ्या झाल्या. त्यांच्या कामाची खरी कसोटी मला इथंच दिसते.

निवृत्तीनंतर ते पत्नी हबीबा यांच्यासह लोटलीच्या घरी येऊन राहिले. ११ डिसेंबर २०११ रोजी त्याच घरात झोपेत त्यांचं निधन झालं. त्याच महिन्यात, ३० डिसेंबरला, त्यांचे गुरू सर्ल फ्रान्समध्ये गेले.

मारिओंनी काढलेला गोवा आता पुष्कळसा राहिलेला नाही. पहाटे भोंगा वाजवत सायकलवरून येणारा पाववाला पोदेर अजून आहे, पण शिंपल्यांच्या तावदानांच्या खिडक्या, बल्कावात, म्हणजे घरापुढच्या ओसरीत, बसून वाटेवरच्या प्रत्येकाशी बोलणारी माणसं, गावच्या लाकडी बसगाड्या हे सगळं झपाट्यानं ओसरलं. आज गोव्यातल्या जाणत्या लोकांना एखादी चाल, एखादा पेहराव, एखाद्या सणाची बैठक कशी होती ते दाखवायचं तर मारिओंचं पान उघडावं लागतं. छायाचित्रं आहेत, नाही असं नाही. पण छायाचित्रासाठी लोक सरळ उभे राहायचे, तोंड गंभीर करायचे. हसताना, भांडताना, डुलकी काढताना माणूस कसा दिसत होता, ते मारिओंपाशी आहे.

आणि इथं मला आपल्या जिल्ह्याविषयी बोलावंसं वाटतं. चित्रांतून गोष्ट सांगणं आपल्याला नवं नाही. कुडाळजवळ पिंगुळीला ठाकर समाजाची चित्रकथी आहे. कागदावरच्या चित्रांची पोथी, एकामागून एक चित्र पुढं धरायचं आणि गात गात रामायण-महाभारतातली आख्यानं सांगायची. कॉमिक्स म्हणजे तरी काय, क्रमानं लावलेली चित्रं आणि त्यांतून पुढं सरकणारी गोष्ट. परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाल्यावर अनेकांना पिंगुळीचं नाव प्रथम कळलं. सावंतवाडीला गंजिफाचे पत्ते रंगवणारे हात आहेत. पण चित्रकथीत आणि गंजिफात आहेत ते देव, राजे, अवतार. मासळीचा लिलाव पुकारणारा माणूस त्यांत नाही.

तो माणूस शब्दांत आला आहे. वेंगुर्ल्याजवळच्या आरवलीचे जयवंत दळवी मारिओंपेक्षा एका वर्षानं मोठे. त्यांनी १९६४ साली ‘सारे प्रवासी घडीचे’ लिहिलं आणि आरवलीची माणसं त्यांच्या खोडींसकट, भांडणांसकट मराठीत कायमची राहिली. मारिओंनी लोटलीचं जे रेषेनं केलं तेच दळवींनी आरवलीचं लेखणीनं केलं. दोघंही गावापासून दूर मुंबईत बसून गाव आठवत होते, आणि दळवी नोकरीला होते ते त्याच यूएसआयएसमध्ये. दळवींनी ‘ललित’ मासिकात ठणठणपाळ या नावानं सदर लिहिलं, त्या ठणठणपाळाला चेहरा दिला तो वसंत सरवटे यांनी. मूळचे कोल्हापूरचे आणि पेशानं अभियंता असलेले सरवटे रेषेच्या जाणकारीत कुणालाही हार जाणारे नव्हते. पुढं १९८० साली गंगाराम गवाणकरांच्या ‘वस्त्रहरण’ या नाटकातून आणि मच्छिंद्र कांबळींच्या तोंडून आपली मालवणी माणसं रंगमंचावर आली. शब्दांत आली, रंगमंचावर आली. रेषेत मात्र आली नाहीत. मालवणचा मारिओ झाला नाही.

ही खंत मी वर्गात अनेकदा बोलून दाखवली आहे. बंदरावरचा संध्याकाळचा मासळीचा लिलाव कुणी काढला आहे? बोली पुकारणाऱ्याचा आवाज चढतो तेव्हा त्याची मान कशी ताणते, घेणारी बाई भाव पडावा म्हणून तोंड कसं फिरवते, ते कुठल्या कागदावर आहे? नारळी पौर्णिमेला नारळ लढवणाऱ्या बायका, आंगणेवाडीच्या जत्रेच्या रांगेत रात्रभर उभी असलेली चाकरमानी कुटुंबं, दशावताराच्या रंगपटात कंदिलाशी बसून तोंड रंगवणारा आणि मध्येच विडी ओढणारा राजा. हे सगळं मोबाइलवर शूट होतं, हजारोंनी होतं. पण व्हिडिओ घेणारा बघत नाही, मोबाइल बघतो. चित्र काढायचं तर त्या माणसाची मान किती अंशात वळली आहे हे स्वतः बघावं लागतं, घरी येईपर्यंत डोक्यात धरून ठेवावं लागतं. तेवढा वेळ तो माणूस आपला होतो. मारिओंच्या चित्रांत जी माया दिसते ती याच वेळातून आलेली आहे, असं मी मानतो.

म्हणून माझं एवढंच सांगणं. शताब्दीच्या निमित्तानं मुलांना घेऊन गोव्याला जा. पणजीच्या मार्केटात भिंतीशी थांबा, बार्देशातल्या तोर्ड्याला मारिओंच्या चित्रांचं दालन आहे ते बघा. परत आल्यावर एक साधी कोरी वही आणि एक काळं पेन मुलाच्या हाती द्या. रोज एका ओळखीच्या माणसाचं चित्र, खाली तारीख आणि दोन ओळी. शेजारच्या काकी, मालवणच्या भरडावरचा रिक्षावाला, शाळेतले शिपाईमामा, कुणीही. नाक वाकडं आलं तरी खोडायला सांगू नका. चित्रकलेच्या शिक्षकांनाही विनंती आहे की स्मरणचित्राच्या सरावात पाठ केलेली तीन माणसं यंदापासून बंद करा आणि मुलांना आधी विचारा, तुझ्या चित्रातला हा माणूस कोण?